एका तारेवर दोन स्पीकर: रिसेट लाइन म्हणजे काय आणि ड्रायव्हर ती कशी सांभाळतो?

समजा, लॅपटॉपवर गाणं सुरू आहे. डाव्या स्पीकरची गरज नाही म्हणून ऑपरेटिंग सिस्टमने त्याची चिप बंद केली, आणि उजवा स्पीकरही गप्प झाला. स्पीकर बिघडलेला नाही. दोन्ही चिप एकाच रिसेट लाइनवर आहेत, एवढंच.

रिसेट लाइन ही चिपच्या एका पिनपर्यंत जाणारी साधी तार असते. तिच्यावर ठरावीक संकेत असेपर्यंत चिप सुरुवातीच्या स्थितीत थिजलेली राहते. संकेत काढला की ती कोऱ्या पाटीने काम सुरू करते. वायफाय, कॅमेरा, टचस्क्रीन अशा अनेक चिपना अशी लाइन असते. मोबाइलच्या मुख्य प्रोसेसर चिपच्या आतल्या वेगवेगळ्या भागांनाही ती असते. ही लाइन कधी दाबायची आणि कधी सोडायची, हे त्या त्या उपकरणाचा ड्रायव्हर ठरवतो.

यात क्रमाला फार महत्त्व आहे. साधारणपणे आधी वीज, मग क्लॉक, आणि ते स्थिर झाल्यावर रिसेट सोडायचा. किती वेळ दाबून धरायचा आणि सोडल्यावर किती थांबायचं, हे चिपच्या डेटाशीटमध्ये दिलेलं असतं. घाई केली तर चिप कधी उठते, कधी उठत नाही; असा दोष शोधणं सर्वांत त्रासाचं. त्याहून वाईट म्हणजे, रिसेटमध्ये असलेल्या भागाचं रजिस्टर वाचायला गेलं, तर काही प्रोसेसरांवर उत्तराची वाट पाहत अख्खं यंत्रच गोठतं. स्क्रीनवर एररची ओळसुद्धा येत नाही.

आणखी एक नेहमीची चूक उलट्या संकेताची. बऱ्याच रिसेट पिन व्होल्टेज खाली गेल्यावर लागू होतात. लिनक्समध्ये ही माहिती डिव्हाइस ट्री या हार्डवेअरच्या वर्णनात लिहिलेली असते. ड्रायव्हरने फक्त ‘रिसेट लागू कर’ म्हणजे १ सांगायचं, उलटापालट कर्नल करतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने स्वतःही उलटं केलं, की चिप नेमकी काम करायच्या वेळी दाबलेली राहते. (काही ड्रायव्हर रिसेटला हातच लावत नाहीत. बूटलोडरने लाइन आधीच सोडलेली असते, म्हणून ते चालतात. बूटलोडर बदलला की पितळ उघडं पडतं.)

पूर्वी प्रत्येक कंपनीच्या चिपसाठी यासाठी वेगवेगळा कोड असे. २०१३ मध्ये लिनक्स ३.१० पासून कर्नलमध्ये एक सामाईक रिसेट व्यवस्था आली. ती लिहिली फिलिप झाबेल यांनी. आता ड्रायव्हर लाइन मागताना सांगतो, की ती फक्त मला हवी की वाटून चालेल.

‘फक्त मला’ म्हटलं तर दुसऱ्या मागणाऱ्याला लाइन व्यस्त असल्याचं उत्तर मिळतं. ‘वाटून’ म्हटलं तर कर्नल मोजदाद ठेवतो. पहिल्याने सोड म्हटलं की लाइन सुटते आणि शेवटच्यानेही दाब म्हटल्यावरच पुन्हा दाबायची वेळ येते. म्हणजे वाटलेल्या लाइनवर ‘दाब’ ही केवळ विनंती आहे. आपली चिप खरोखर रिसेट झाली, असं ड्रायव्हरने गृहीत धरायचं नाही. जिला दर वेळी कोरी सुरुवात हवीच, अशा चिपला शेजारी देणं ही मुळात सर्किट आखणाऱ्याची चूक, आणि ती सॉफ्टवेअरने पूर्ण निस्तरता येत नाही.

ही मोजदाद रिसेट व्यवस्थेतल्या लाइनपुरती होती. जीपीआयओ, म्हणजे प्रोसेसरच्या सर्वसाधारण पिनवरून थेट नेलेली लाइन तिच्याबाहेर राहत असे. क्वालकॉमच्या एक्स१ई८०१०० या लॅपटॉप प्रोसेसरच्या बोर्डांवर हा प्रश्न समोर आला. तिथे दोन डब्ल्यूएसए८८४एक्स स्पीकर चिप एका पिनवर होत्या. एकाच ड्रायव्हरच्या दोन प्रती, पण एकीला दुसरीचा पत्ता नाही. २०२४ च्या लिनक्स ६.९ मध्ये यासाठी ‘रिसेट-जीपीआयओ’ हा छोटा ड्रायव्हर आला. डिव्हाइस ट्रीमध्ये रिसेटसाठी अशी पिन दिलेली असेल, तर ती वाटून घ्यायची व्यवस्था कर्नल स्वतः उभी करतो. डावी चिप बंद झाली, तरी उजवीची गरज संपेपर्यंत लाइन सुटलेलीच राहते.