प्राचीन इतिहासात एम. ए. करायचं, म्हणजे नेमकं काय शिकायचं?

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : "सर, प्राचीन इतिहासात एम. ए. करावं का?" विचारणाऱ्यांत नुकतीच पदवी घेतलेली मुलं होती, तशी नोकरीतून निवृत्त झालेली मंडळीही होती. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. पण 'हे तुला कशावरून कळलं?' हा प्रश्न दोन्ही शास्त्रांचा सामायिक आहे, म्हणून बोलायचं धाडस करतो.

मौर्य, सातवाहन, गुप्त, वाकाटक हे सगळं पुन्हा एकदा सविस्तर वाचायचं, अशी पुष्कळांची कल्पना असते. तेवढंच असेल तर ग्रंथालयाची वर्गणी भरा, काम होईल. विद्यापीठात शिकायचं ते वेगळं. ते सांगण्यापेक्षा दाखवतो. उदाहरण आपल्या विदर्भातलंच आहे.

अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ चम्मक नावाचं गाव आहे. तिथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट मिळाला. त्यात त्याच्या आईचं नाव प्रभावतीगुप्ता आणि तिच्या वडिलांचं नाव महाराजाधिराज देवगुप्त असं दिलंय. आता हा देवगुप्त कोण? फ्लीट यांनी १८८८ साली गुप्तकालीन लेखांचा प्रचंड खंड प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी उत्तर दिलं : मगधात नंतरच्या काळात गुप्तांचं जे घराणं झालं, त्यातला आदित्यसेनाचा मुलगा देवगुप्त. झालं! आदित्यसेन सातव्या शतकातला, म्हणजे वाकाटक जाऊन बसले आठव्या शतकाच्या उंबरठ्यावर. ब्यूलर यांना अक्षरांचं वळण पाहून हे पटत नव्हतं. ते पाचवं शतक म्हणत होते. दोघेही मोठे विद्वान, पुरावा एकच, आणि उत्तरांत दोनशे वर्षांहून जास्त अंतर.

१९१२ साली पुण्यात एका तांबट घराण्याकडे जपून ठेवलेले दोन पत्रे उजेडात आले. (तांबटाच्या घरी तांब्याचे पत्रे शाबूत राहिले, हे आपलं नशीबच.) का. बा. पाठक आणि का. ना. दीक्षित यांनी ते वाचले. लेख खुद्द प्रभावतीगुप्तेचा. नवरा, दुसरा रुद्रसेन, वारलेला, मुलगा दिवाकरसेन अजून युवराज, आणि राज्य ती चालवते आहे. वडिलांचं नाव ती स्पष्ट सांगते : चंद्रगुप्त, समुद्रगुप्ताचा मुलगा. म्हणजे देवगुप्त हे दुसऱ्या चंद्रगुप्ताचंच दुसरं नाव. एका नावाचा उलगडा झाला आणि अख्खं घराणं सुमारे तीनशे वर्षं मागे सरकलं. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातला शिलालेख वाकाटकांच्याच मंत्र्याचा, वराहदेवाचा. तेव्हा वाकाटकांचा काळ हलला की त्या लेण्याचाही हलणारच. इयत्ता सातवीच्या मुलाने पाठ केलेलं शतक असं तयार होतं, बरं का.

माझ्या मते पदव्युत्तर अभ्यास म्हणजे हे 'तयार होणं' स्वतःच्या हातांनी करून बघणं. न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण आहे, पण बोलणारा आप्त असेल तर. ताम्रपटात बोलणारा आप्त नसतो हो! त्याला जमीन द्यायची असते, कीर्ती मिरवायची असते. दानपत्रात राजाने आपली वंशावळ द्यावी असं याज्ञवल्क्यस्मृतीच सांगते, म्हणून तर आपल्याला वंशावळी मिळतात. आणि बनावट ताम्रपटही काही कमी नाहीत. साक्षीदार हितसंबंधी आहे हे माहीत असूनही त्याच्या तोंडून खरं काढायचं, ही ती कला.

यासाठी काय लागतं? भाषा. ब्राह्मी लिपीची भीती बाळगू नका, अक्षरं थोड्या आठवड्यांत ओळखता येतात. अडतं ते पुढे. अक्षर लागलं, अर्थ लागला नाही. सातवाहनांचे लेख प्राकृतात, वाकाटकांचे दानलेख मुख्यतः संस्कृतात. मराठी माणसाला प्राकृत फार परकं वाटत नाही, पण अभ्यास केल्याशिवाय येतही नाही. विभाग निवडताना इमारत बघू नका. लेख मुळातून वाचायला कोण शिकवतं, नाणी हातात देतात का, उत्खननाला नेतात का, एवढं विचारा. पुण्याचं डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं. तिथे सांकलियांनी विद्यार्थ्यांना वर्गातून उचलून नदीकाठी नेलं, त्याचं मोल आजही आहे.

नोकरीचं विचारता, तर खरं सांगतो : जागा थोड्या. नेट देऊन प्राध्यापकी, पुरातत्त्व खातं, वस्तुसंग्रहालयं. घरची जबाबदारी असलेल्या मुलाने हे नीट मोजूनच यावं. 'आवड असली की सगळं होतं' असं मी कुणाला सांगत नाही. निवृत्तांना ही अडचण नाही, त्यांनी फक्त संस्कृतची रूपं पाठ करायची तयारी ठेवावी.

आणि विषय संपलेत असं समजू नका. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. तिथल्या अलीकडच्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाचा मातीचा मुद्राठसा मिळाला, वर शंखाचं चिन्ह. त्या पुण्याच्या पत्र्यांतही एक गाठ अजून आहे. बाई वाकाटकांची राणी, पण वंशावळ देते माहेरच्या गुप्तांची, आणि गोत्र सांगते धारण, जे वडिलांचं. वाकाटकांचं गोत्र विष्णुवृद्ध. लग्नानंतर तिचं गोत्र बदललं नव्हतं, की माहेरचा दरारा दाखवायला तिने मुद्दाम तसं लिहवून घेतलं? समकालीन स्त्रियांचे इतर लेख शेजारी ठेवून तपासावं लागेल. कुणाला प्रबंधाला विषय हवा असेल तर घ्या.