एका भिंगांत अनेक भिंगें

लग्नघरांतील छायाचित्रकार एकाच जागीं उभा राहून एका क्षणीं सबंध मांडव टिपतो, आणि दुसऱ्या क्षणीं नवरीच्या कपाळावरील मुंडावळ्या. भिंग तेंच, हातानें त्याचें कडें फिरविलें एवढेंच. पाहणाऱ्यास यांत कांहीं विशेष वाटत नाहीं. परंतु हें नित्याच्या कामाचें झूम भिंग आरशाच्या कॅमेऱ्यावर बसविण्यास किती खटाटोप करावा लागला, आणि प्रत्येक वेळीं कोणत्या गुणावर पाणी सोडावें लागलें, हें कळल्यावांचून दोन भिंगांची तुलना नीट करतां येत नाहीं.

दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगामागें ज्या अंतरावर स्पष्ट उमटते, तें स्थूलमानानें त्याचें नाभ्यंतर. तें कमी असलें कीं दृश्य रुंद येतें. अधिक असलें कीं दृश्य अरुंद, पण वस्तु मोठी. फिल्मची जुनी चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरांची. तिचा कर्ण सुमारें ४३ मिलिमीटर. या मापाच्या आसपासचें भिंग तें 'स्टँडर्ड', आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे सरकणारें तें स्टँडर्ड झूम.

झूमची कल्पना प्रथम रुजली ती बोलपटांच्या क्षेत्रांत. इंग्लंडांतील टेलर, टेलर अँड हॉब्सन कंपनीनें १९३२ सालीं ४० ते १२० मिलिमीटरांचें 'व्हारो' भिंग काढलें. व्हिएन्नांत जन्मलेले व पुढें अमेरिकेंत स्थायिक झालेले फ्रँक बॅक यांनीं दुसऱ्या महायुद्धानंतर चित्रपट आणि टेलिव्हिजन यांसाठीं 'झूमार' भिंगें तयार केलीं. पडद्यावरील चित्र क्षणांत सरकून जातें, त्यामुळें त्यांतील थोडा दोष खपून जातो. भिंतीवर टांगलेलें छायाचित्र मात्र वर्षानुवर्षें न्याहाळलें जातें, तेथें अशी सवलत नाहीं.

शिवाय आरशाची अडचण होती. या कॅमेऱ्यांत भिंगांतून येणारें दृश्य आरसा वर वळवून डोळ्यास दाखवितो व चित्र घेतांना स्वतः उचलला जातो. त्याला हलण्यास मोकळी जागा हवी, म्हणून भिंग फिल्मपासून दूर ठेवावें लागतें. निकॉनच्या कॅमेऱ्यांत भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचें अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. नाभ्यंतर ३५ आणि मध्यें जागा ४६ ची, हें गणित सोपें नव्हे. दूरच्या वस्तूंसाठीं झूम करणें त्या मानानें सुलभ होतें.

तथापि बॅक यांनींच तें प्रथम करून दाखविलें. १९५९ सालीं जर्मनीच्या फॉइग्टलँडर कंपनीनें त्यांचें ३६ ते ८२ मिलिमीटरांचें 'झूमार' बाजारांत आणलें. त्यांत १४ कांचा होत्या. छिद्राचा आंकडा सर्वत्र एफ २.८. (आंकडा जितका लहान, तितकें छिद्र मोठें व प्रकाश अधिक.) तोंडावर बसणाऱ्या फिल्टरचा व्यास मात्र ९५ मिलिमीटर! कॅमेऱ्यास भिंग लावलें कीं भिंगास कॅमेरा, असा प्रश्न पडावा.

निकॉननें १९६३ सालीं उलट मार्ग धरला. ४३ ते ८६, बरोबर दुप्पट. कांचा ९, छिद्र एफ ३.५, फिल्टर ५२ मिलिमीटरांचा. तें आटोपशीर होतें आणि सामान्य हौशी माणसाच्या गळ्यांत मावणारें होतें. परंतु इमारतीचें चित्र घेतलें तर कडेच्या सरळ रेषा वाकत आणि प्रकाश समोरून आला कीं भुतासारखे डाग उमटत. या एका भिंगामुळें 'झूम म्हणजे दुय्यम' हा ग्रह बराच दृढ झाला. ग्रह अगदींच निराधार नव्हता. पण ज्यांना चार भिंगांची पेटी वाहणें शक्य नव्हतें, त्यांना प्रवासांतील कितीतरी चित्रें याच भिंगानें मिळालीं, हेंही विसरतां कामा नये.

पुढें १९७३ सालीं कॅननचें ३५ ते ७० मिलिमीटरांचें भिंग आलें. त्यांत कांचांचे दोनच गट: पुढचा किरण फांकविणारा, मागचा त्यांना एकत्र आणणारा. पुढच्या गटानें किरण फांकविल्यामुळें प्रतिमा मागें सरकते व आरशास जागा मिळते. आरशाची अडचण या मांडणीनें सुटली, आणि एकाच नाभ्यंतराच्या भिंगांशीं झूमची बरोबरी होऊं शकते असें मानलें जाऊं लागलें.

डिजिटल युगानें मापेंच बदललीं. बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राही पट्टी जुन्या चौकटीपेक्षां लहान. २८ मिलिमीटरांचें रुंद भिंग कॅननच्या अशा कॅमेऱ्यावर लावलें तर तें ४५ सारखें वागे. घरांतील चार माणसें एका चित्रांत बसेनात. म्हणून २००३ सालीं ३०० डी कॅमेऱ्याबरोबर कॅनननें १८ ते ५५ मिलिमीटरांचें भिंग दिलें. जुन्या हिशेबानें तें २९ ते ८८. अमेरिकेंत कॅमेरा ८९९ डॉलरांस आणि भिंगासह ९९९, म्हणजे भिंग जेमतेम शंभर डॉलरांचें. वजन १९० ग्रॅम.

याची तुलना २००६ सालच्या कॅननच्याच १७-५५ शीं करावी. तें एफ २.८, वजन ६४५ ग्रॅम, किंमत कित्येक पट. बाहेर उन्हांत छिद्र एफ ८ वर आणलें तर दोहोंच्या चित्रांतील फरक पुष्कळच कमी होतो. खरी परीक्षा संध्याकाळीं देवघरापाशीं. ५५ मिलिमीटरांवर स्वस्त भिंगाचें छिद्र एफ ५.६ पलीकडे उघडत नाहीं. महागडें चौपट प्रकाश घेतें. एकास जेथें सेकंदाचा १/१५ भाग लागतो, तेथें दुसऱ्यास १/६० पुरतो. एवढ्या फरकांत समईपुढें बसलेल्या नातवंडाचा चेहरा स्पष्ट येतो किंवा पुसट होतो. हाताचा कंप शोषणारी योजना २००७ सालीं स्वस्त भिंगांतही आली खरी. पण ती घेणाऱ्याचा हात स्थिर करते, मुलाला स्थिर करीत नाहीं. सबब, ज्याचें घर अंधारें आहे त्यानें छिद्राचा आंकडा आधीं पाहावा, आणि ज्याला गड चढावयाचे आहेत त्यानें वजनाचा.

याच लहान पट्टीसाठीं २०१३ सालीं सिग्मानें १८ ते ३५ मिलिमीटरांचें, सर्वत्र एफ १.८ चें भिंग काढलें. असें झूम आरशाच्या कॅमेऱ्यावर पूर्वीं कधीं आलें नव्हतें. त्यासाठीं पल्ला दुपटीहून कमी ठेवावा लागला आणि वजन ८०० ग्रॅमांवर गेलें.

२०१८ सालीं कॅनन व निकॉन या दोघांनींही मोठ्या चौकटीचे बिनआरशाचे कॅमेरे आणले. बैठकीपासूनचें अंतर कॅननमध्यें २० व निकॉनमध्यें १६ मिलिमीटरांवर आलें. ज्या आरशाशीं भिंगकारांनीं साठ वर्षें झुंज घेतली, तो उरलाच नाहीं. कडेच्या वांकड्या रेषा आतां कॅमेराच गणितानें सरळ करतो. तरी निकॉननें नव्या कॅमेऱ्याबरोबर प्रथम दिलें तें २४ ते ७० मिलिमीटरांचें, एफ ४ चेंच झूम.