इंग्रजीचा तास : भाषा आणि साहित्य यांची फारकत

माध्यमिक शाळेतील इंग्रजीचा तास भाषेचा की साहित्याचा, हा प्रश्न वरवर अध्यापनपद्धतीचा वाटतो. वस्तुतः तो वाङ्मयीन संस्कृतीच्या इतिहासाचा प्रश्न आहे. जोगेश्वरीसारख्या उपनगरात मराठी, उर्दू, हिंदी व इंग्रजी माध्यमांच्या शाळा शेजारी-शेजारी नांदतात. तेथे तो विशेष तीव्रतेने जाणवतो.

इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय इंग्लंडमध्ये स्थिरावण्याआधीच वसाहतीत आकाराला आला, हे गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ (१९८९) या ग्रंथात दाखवून दिले. म्हणजेच येथे इंग्रजी केवळ व्यवहारभाषा म्हणून आली नाही. मूल्यांची वाहक म्हणूनही आली. मात्र मराठी मुलगा तिच्यापर्यंत पोहोचत होता तो भाषांतराच्या वाटेने. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने दोन भाषांतील वाक्ये समोरासमोर ठेवली. हेतू व्यवहाराचा असला तरी त्यात तौलनिक दृष्टीचे बीज होते.

विसाव्या शतकात पुढे आलेल्या प्रत्यक्ष पद्धतीने मातृभाषेला या तासातून बाजूला सारले. तिचे एक पुरस्कर्ते पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते. पुढे ‘बो जेस्ट’ (१९२४) या कादंबरीने त्यांना कीर्ती मिळाली; पण आपल्या शाळांत त्यांचे नाव उरले ते ‘रेन अँड मार्टिन’ या व्याकरणापुरते. कादंबरीकार विस्मरणात जावा आणि व्याकरणकार घरोघरी पोहोचावा, यातच या तासाचा कल स्पष्ट होतो.

स्वातंत्र्यानंतर या फारकतीला सामाजिक परिमाण लाभले. ६ जानेवारी १९५४ च्या आदेशाने मुंबई सरकारने अँग्लो-इंडियन व आशियाबाह्य वंशाचे नागरिक वगळता इतरांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांत प्रवेश देण्यास मनाई केली. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी हा आदेश अवैध ठरवला. माध्यमाची निवड पालकांच्या, पर्यायाने त्यांच्या ऐपतीच्याही, हाती राहिली. २००० साली राज्यात इंग्रजी पहिलीपासून अनिवार्य झाली, तरी दोन माध्यमांतील अंतर मिटले नाही.

पाठ्यपुस्तकांची नावेच याची साक्ष देतात. प्रथम भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याच्या हाती दहावीला ‘इंग्लिश कुमारभारती’ येते. तृतीय भाषा म्हणून शिकणाऱ्याच्या हाती ‘माय इंग्लिश कोर्सबुक’. कविता दोन्हींत आहेत. परंतु ‘भारती’ हे वाग्देवतेचे नाव, तर ‘कोर्सबुक’ ही पुऱ्या करायच्या अभ्यासक्रमाची खूण. गंमत अशी, की मराठी माध्यमातील हाच विद्यार्थी मराठीच्या तासाला ‘कुमारभारती’च वाचतो आणि कवितेचे रसग्रहण लिहितो. रसिकतेची ही कमाई इंग्रजीच्या वर्गात मात्र भांडवल म्हणून धरली जात नाही.

जोगेश्वरीच्या टेकडीवर १९३० पासून इस्माईल युसुफ महाविद्यालय उभे आहे. अशा महाविद्यालयांत येणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी साहित्याला नवखा नसतो. त्याला नवखी असते ती इंग्रजीत साहित्य अनुभवण्याची मुभा. पुढे समीक्षेच्या संज्ञा तो घोकतो, त्याचे मूळ या नाकारलेल्या मुभेत शोधावे लागेल. म्हणून साहित्यसिद्धान्ताच्या अध्यापनाची चिकित्सा पदव्युत्तर वर्गापासून नव्हे, आठवीच्या इंग्रजीच्या तासापासून सुरू व्हावयास हवी.