मूल सांभाळणं शिकावं लागतं

‘बाईच्या जातीला मूल सांभाळायला काय शिकवायचं?’ हे वाक्य आपल्या घरांतून अजून ऐकू येतं. समाजाच्या वाडीत पाळणाघर काढायचं ठरलं की जागा, पंखे, सतरंज्या, भांडी अशी यादी होते. मुलांजवळ दिवसभर बसणाऱ्या बाईची तयारी कोण करून घेणार, हा प्रश्न यादीत शेवटी येतो, नाहीतर येतच नाही. आपण वडोदऱ्यात राहणाऱ्या मराठी बायका. गुजरात आणि महाराष्ट्र, दोन्हीकडचा या कामाचा इतिहास आपला आहे, आणि त्यात हा प्रश्न अगदी सुरुवातीलाच आलेला दिसतो.

१९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांनी बालमंदिर सुरू केलं. गिजुभाई मूळचे वकील. माँटेसरीबाईंचे विचार वाचले आणि त्यांनी वाटच बदलली. पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. मराठी घरातली ही बाई गुजरातीत बोलू-लिहू लागली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. बालमंदिराच्या जोडीला अध्यापन मंदिर हवंच, हे दोघांनाही पटलेलं होतं. नुसती मुलांची शाळा काढून भागत नाही, मुलांजवळ बसणारी माणसंही घडवावी लागतात.

त्या शिक्षणात पहिला धडा होता पाहण्याचा. मूल काय उचलतं, कशात रमतं, कुठे अडतं, हे मध्ये न बोलता पाहायचं आणि टिपून ठेवायचं. धाक नाही, मार नाही, बक्षिसाचं आमिषही नाही. मला वाटतं, ‘देखरेख’ या शब्दाचा खरा अर्थ इथे आहे. आपण देखरेख म्हणतो तेव्हा मूल पडू नये, रडू नये एवढंच मनात असतं. तेही हवंच. पण रडतंय ते भुकेनं, झोपेनं की घाबरून, हे ओळखायला नजर तयार व्हावी लागते.

मग ताराबाईंना दिसलं की ही सगळी सोय शहरातल्या खाऊन-पिऊन सुखी घरांपुरतीच राहतेय. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांतच वैधव्य आलं. त्यानंतर त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. गरिबांची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शंख-शिंपले, खडे, पानं हाताशी घेतली. आधी मुलांना अंघोळ, नखं, केस, मग गाणी आणि खेळ. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ झाली. तिथेही सेविकांना शिकवण्याचं काम चालूच राहिलं.

२ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली. गुजरातमधलं पहिलं ठिकाण छोटा उदेपूर, त्या वेळी आपल्याच वडोदरा जिल्ह्यातलं. अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण, सगळं एका सेविकेवर आलं. तिच्यावर मुख्यसेविका नेमली. हीसुद्धा देखरेखच, पण रजिस्टरं तपासण्यातच वेळ गेला, तर ‘या मुलाशी आज कसं बोललीस?’ हे विचारायचं राहून जातं.

आणि पगार? त्याला अजून मानधनच म्हणतात. गुजरातमधल्याच सेविकांच्या खटल्यात २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. सेविका ही मायाळू शेजारीण नसून कामगार आहे, हे मान्य व्हायला योजनेला सत्तेचाळीस वर्षं लागली. ‘बाईला काय शिकवायचं’ आणि ‘बाईला काय द्यायचं’ ही एकाच मनाची दोन बोलणी आहेत, असं मला स्पष्ट दिसतं. जे काम आपोआप येतं असं मानलं, त्याचा मोबदला कोण देतो?

तेव्हा बायांनो, पुढच्या वेळी पाळणाघराची यादी कराल तेव्हा सतरंज्यांच्या आधी चार गोष्टी लिहा. सेविकेचं प्रशिक्षण. प्रत्येक मुलाच्या नोंदीची वही. आठवड्यातून एकदा तिच्याशी बसून बोलणारी जाणती बाई. आणि तिचा पगार. वर्गणीचा आकडा थोडा वाढेल. तो वाढू द्या.