पेन्ना नदीच्या घळीवरील गंडीकोटा

आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात, जम्मलमडुगूपासून सुमारे १५ किलोमीटरवर, पेन्ना नदीने एर्रमला डोंगर चिरून खोल घळ कोरली आहे. तिच्या कड्यावर गंडीकोटा किल्ल्याचे अवशेष उभे आहेत. तेलुगू भाषेत 'गंडी' म्हणजे घळ आणि 'कोटा' म्हणजे किल्ला. नदीच्या अंगाला सरळ तुटलेले कडे असल्याने भक्कम तटबंदीची खरी गरज उरलेल्या बाजूंनाच होती.

स्थानिक कैफियतीनुसार कल्याणीच्या चालुक्यांचा मांडलिक काकराजा याने ११२३ मध्ये येथे पहिला कोट बांधला. पुढे विजयनगरच्या काळात पेम्मसानी घराण्याने किल्ल्याचा कारभार पाहिला. १५६५ च्या तालिकोटच्या पराभवानंतर विजयनगरची सत्ता खचली, तरी पेम्मसानींनी गंडीकोटा दीर्घकाळ राखला.

सतराव्या शतकाच्या मध्यास गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा सेनापती मीर जुमला याने किल्ला जिंकला. हिरे आणि मोती यांचा फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए १६५२ मध्ये त्याला भेटण्यास येथे आला होता. फ्रेंच गोलंदाजांच्या साह्याविना हा गड पडला नसता, असे त्याचे प्रवासवर्णन सांगते. निसर्गाने दिलेले संरक्षण तोफांपुढे पुरेसे ठरले नाही. देवळांतील तांब्याच्या मूर्ती गोळा करून तोफा ओतण्याचे काम एका फ्रेंच कारागिरावर सोपविण्यात आले. पण एकही तोफ धड उतरली नाही, असेही ताव्हेर्निए नोंदवितो. पुढे मीर जुमला औरंगजेबाच्या पक्षाला जाऊन मिळाला व बंगालचा सुभेदार झाला. १६६३ मध्ये त्याचे निधन झाले.

त्यानंतर किल्ला कडप्याचे नवाब व हैदरअली यांच्या ताब्यात गेला. १८०० मध्ये निजामाने हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला दिला आणि किल्ल्याचे लष्करी महत्त्व ओसरले.

आज तटाच्या आत माधवराय व रंगनाथ यांची देवळे, जामा मशीद आणि धान्याचे भव्य कोठार पाहावयास मिळते. देवळांचे कोरीव खांब आणि मशिदीचे मिनार एकमेकांपासून फार दूर नाहीत. विजयनगरचे सरदार आणि गोवळकोंड्याचे सेनापती या दोघांच्याही खुणा एकाच तटात टिकून राहिल्या, हे गंडीकोट्याचे वैशिष्ट्य होय. तटाच्या कडेने पुढे गेल्यास खाली पेन्नेचे पात्र दिसते.