ओढणाऱ्या हातांचं गाणं

लहानपणी मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना मी अनेकदा पाहिली आहे. दोन्ही बाजूंच्या दोरांना माणसं लागलेली असायची. त्यातला एकजण हाळी द्यायचा आणि बाकीचे 'हैसा' म्हणत एकदम मागे झुकायचे. मला वाटायचं, थकवा विसरावा म्हणून ही माणसं ओरडतात. माझा तो समज चुकीचा होता, हे फार उशिरा कळलं. आणि कळलं ते मालवणात नव्हे, तर अमेरिकेतल्या काही वृद्ध मच्छीमारांची ध्वनिमुद्रित गाणी ऐकताना.

शिडाच्या जहाजांवरच्या गाण्यांना इंग्रजीत 'शँटी' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात व्यापारी जहाजांवर खलाशी कमी आणि काम फार, अशी स्थिती होती. शीड चढवायचं, नांगर उचलायचा, तर सगळ्यांचं बळ एकाच क्षणी लागायला हवं. एकजण ओळ म्हणे, बाकीचे पालुपद धरत आणि पालुपदातल्या ठरलेल्या ठोक्यावर दोर खेचत. अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या बंदरांत जहाजांत कापसाच्या गासड्या ठासून भरणाऱ्या कृष्णवर्णीय हमालांची गाणीही त्यात मिसळली. पुढे वाफेची जहाजं आली, शिडं उतरली आणि ही गाणी कामावेगळी झाली.

पण एका ठिकाणी ही रीत टिकून राहिली. उत्तर कॅरोलायना राज्यातलं ब्यूफर्ट हे छोटं बंदर. तिथे मेनहेडन नावाचा मासा पकडत. आपल्या तारलीच्या कुळातला, तेलकट. माणसं तो सहसा खात नाहीत. त्याचं तेल काढायचं आणि उरलेल्याचं खत किंवा कोंबड्यांचं खाद्य करायचं. मूळ अमेरिकन लोक हा मासा शेतात खत म्हणून घालत आणि त्याचं नावही त्यांच्याच भाषेतून आलं आहे. कोकणात माडाच्या बुंध्याशी कुटा घालणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

दोन होड्या माशांच्या थव्याभोवती जाळं टाकत आणि जाळ्याचं तोंड खालून बटव्यासारखं आवळत. मग ते हातांनी वर घ्यायचं. लाखालाखाने मासे, भिजलेलं जाळं आणि ते उचलायला तीस-चाळीस माणसं. नुसत्या ताकदीने ते हलत नसे. एकजण ओळ सुरू करी, बाकीचे त्यात आपापले सूर मिसळत आणि ओळ संपली की सगळे मिळून ओढत. पुन्हा ओळ, पुन्हा ओढ. हे मजूर बहुतेक कृष्णवर्णीय होते, कप्तान बहुधा गोरे. चर्चमधली भजनं, ब्लूज, प्रेमाची गाणी, घरची ओढ, सगळं त्यात येई. एरवी कप्तानासमोर बोलता येत नसलेली कुरकूरही गाण्याच्या ओळीत बसे. गाणं थांबवलं तर जाळंही थांबणार, म्हणून कप्तान ऐकून घेई.

1950च्या दशकात जाळं ओढणारं यंत्र आलं. काही वर्षांतच तीस-चाळीस जणांचं काम थोडक्या माणसांत होऊ लागलं. गाण्याला कोणी बंदी घातली नाही. त्याची गरजच राहिली नाही.

पुढची तीसेक वर्षं ही गाणी त्या म्हाताऱ्यांच्या गळ्यातच राहिली. 1988 साली लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांच्या प्रयत्नाने हे निवृत्त मच्छीमार एकत्र आले. पुढ्यात जाळं नाही, मासे नाहीत. तरी सूर लागला. 1990 साली हे लोक न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायले. ज्या सभागृहाचं नाव घेताना मोठमोठे गवई हरखतात, तिथे जाळं ओढणारे हात उभे राहिले.

या मंडळींचा पहिला कार्यक्रम हाच मला निरोपाचा कार्यक्रम वाटतो. कारण गाणं रंगमंचावर आलं ते कामावरून उठल्यावरच. 2005 साली ब्यूफर्टचा शेवटचा मेनहेडन कारखानाही बंद झाला.

हे ऐकताना आपली जात्यावरची ओवी आठवते. पिठाची गिरणी आली आणि ओवी ओठांवरून उतरली. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी ती गावोगाव फिरून लाखाहून अधिक संख्येने जमवली, म्हणून वाचली. मोटेवरची गाणी, भलरी यांचंही तेच. पण म्हणून जातं पुन्हा ओढायला कोणत्या बाईला सांगाल? सालटी निघालेले तळवे ज्यांनी पाहिले आहेत ते यंत्राला शिव्या देणार नाहीत. मीही देत नाही. मात्र माणसाची पाठ वाचवताना यंत्राने त्याची रोजीही नेली, हे विसरता येत नाही.

इथे इतिहास एक विचित्र वळण घेतो. ब्यूफर्टला ज्या जाळ्याभोवती गाणी झाली, ते पर्ससीन जाळं. यंत्राच्या बळावर तेच आपल्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा रापणकरांच्या पोटावर आलं. बरीच भांडणं झाल्यावर 2016 साली महाराष्ट्र सरकारने त्यावर निर्बंध घातले. जाळं तेच, एका किनाऱ्यावर त्याने माणसांना एकत्र बांधलं, दुसऱ्यावर एकमेकांसमोर उभं केलं. फरक ओढणाऱ्या हातांच्या संख्येचा होता.

मी कविता लिहितो. आयुष्यभर शब्दांचे ठोके मोजत आलो, पण त्या ठोक्यावर कधी काही उचललं गेलं नाही, याची खंत ही गाणी ऐकताना वाटते. रापणीचा एक जुना रिवाज आहे. ओढायला हात लावला, त्याला वाटा. मग तो वाटेवरचा पोरगा का असेना. एकदा मीही दोराला लोंबकळलो होतो. माझ्याने काही ओढलं गेलं नसेल, पण 'हैसा' मात्र मोठ्याने म्हणालो होतो. संध्याकाळी चार बांगडे घेऊन घरी गेलो.