शेवटची कडी

मराठीत साखळी म्हटले, की मन आधी बंधनाकडे धावते. कैद्याच्या पायांतली साखळी, दाराची साखळी, गोठ्यातल्या जनावराची साखळी. ‘शृंखला’ हे तिचे संस्कृत रूप तर आपल्या साहित्यात बहुधा तोडले जाण्यासाठीच अवतरते. यंत्रयुगाने मात्र साखळीला याच्या नेमके उलट काम दिले: गती वाहून नेण्याचे. मोटारसायकलची साखळी तुटली तर कोणाचीही मुक्तता होत नाही. गाडी थांबते; आणि दैव फिरले असेल, तर तुटलेली साखळी पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन इंजिनाचे कवच फोडते किंवा मागचे चाक अडवते. म्हणूनच नवी साखळी घरी चढवताना तिची दोन टोके कशी सांधावीत, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्याला मोठा इतिहास आहे, आणि तो मुख्यतः सांध्यांचाच इतिहास आहे.

साखळीने गती वाहण्याची कल्पना जुनी आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधील सू सोंग याने कायफेंग येथे जे भव्य जलचलित घड्याळ उभारले, त्यात अखंड फिरणारी साखळी होती. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांतही सांधेदार साखळ्यांची रेखाटने आढळतात. परंतु कल्पना सुचणे वेगळे आणि हजारो एकसारख्या कड्या अचूक घडवणे वेगळे. ते एकोणिसाव्या शतकातील कारखान्यांनाच साधले, आणि तेही कापडगिरण्यांच्या गरजेतून.

1864 साली जेम्स स्लेटर याने इंग्लंडमध्ये साखळीचे एक पेटंट घेतले. त्याच्या साखळीत एक मूलभूत उणीव होती. सगळा भार पिनेच्या अगदी अरुंद भागावर, म्हणजे बाजूच्या पट्टीच्या जाडीइतक्याच जागेवर येई. तिथे पिन झिजे आणि साखळी सैल पडे. स्वित्झर्लंडमधील आराऊ येथे जन्मलेला आणि 1873 साली इंग्लंडला आलेला हान्स रेनोल्ड याने 1879 मध्ये स्लेटरचा सॅल्फर्डमधील छोटा व्यवसाय विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी या दुखण्यावर उपाय शोधला. त्याने दोन आतल्या पट्ट्यांच्या मधोमध एक पोकळ नळी, म्हणजे बुश, बसवली. पिन आता या बुशच्या संपूर्ण लांबीवर टेकू लागली; भार पसरला, झीज मंदावली. बुशवर फिरणारा रोलर स्प्रॉकेटच्या दात्यांवरून घासत जाण्याऐवजी गडगडत जाऊ लागला. आज आपल्या गाडीखाली फिरणारी साखळी तत्त्वतः 1880 मधील तीच साखळी आहे.

पुढचा प्रवास वेगाने झाला. 1885 मध्ये कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली याच्या ‘रोव्हर’ सायकलने मागचे चाक साखळीने फिरवले. राइट बंधूंच्या 1903 मधील विमानात इंजिनापासून दोन पंख्यांपर्यंत शक्ती साखळ्यांनीच पोहोचत होती, आणि पंखे परस्परविरुद्ध दिशांना फिरावेत म्हणून त्यांतील एक साखळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पिळून नेली होती. मोटारसायकलींनी मात्र साखळी सहजासहजी स्वीकारली नाही. अमेरिकेतील ‘इंडियन’ने 1901 पासूनच साखळीची कास धरली, परंतु इतर अनेक कारखानदार चामड्याच्या पट्ट्यावर विसंबून होते. पट्टा सौम्य होता, मुका होता. पण पावसात घसरे. पहिल्या महायुद्धात गाजलेल्या ट्रायम्फ ‘मॉडेल एच’चे मागचे चाकही पट्ट्यानेच फिरत असे. इंजिने बलवान होत गेली, तसा पट्टा मागे पडला.

आपण ‘साखळी ताणली’ असे म्हणतो. वस्तुतः पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यातील पिन आणि बुश किंचित झिजतात. 110 कड्यांच्या साखळीत दर सांध्याला केवळ 0.1 मिलिमीटर झीज झाली, तरी एकूण लांबी 11 मिलिमीटरने वाढते. होंडा सीबी 750 ही 1969 मध्ये अवतरलेली गाडी 67 अश्वशक्तीची होती. अशा शक्तीपुढे उघड्या साखळीचे वंगण टिकेना. 1970 च्या दशकात आलेल्या ओ-रिंगच्या साखळ्यांनी यावर तोड काढली: पट्ट्यांमध्ये बसणाऱ्या रबरी कड्या, आणि त्यांच्या आत कारखान्यातच कोंडलेले ग्रीस.

रेनोल्डने झिजेचा प्रश्न सोडवला. साखळी बंद करण्याचा प्रश्न मात्र उरलाच. बाकीचे सर्व सांधे कारखान्यात, यंत्राच्या एकसारख्या दाबाखाली होतात. शेवटचा सांधा गाडीवरच व्हावा लागतो. लहान गाड्यांत त्यासाठी माशाच्या आकाराची स्प्रिंगची क्लिप असते, आपले मेकॅनिक तिला ‘लॉक’ म्हणतात. तिचे बंद टोक साखळीच्या धावण्याच्या दिशेला हवे, एवढा एकच नियम. ती पक्कडीने निघते, पक्कडीने बसते. आपल्या दुरुस्तीच्या संस्कृतीला हे मानवते. जे उघडते ते आपले, अशी आपली भावना असते. शक्तिमान गाड्यांना मात्र रिव्हेटची कडी लागते. चाकणला तयार होऊ लागलेल्या केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांमुळे 5/8 इंच अंतराच्या, रबरी कड्यांच्या साखळ्या आपल्याकडेही परिचित झाल्या.

रिव्हेट करण्याची रीत अवघड नाही, पण ती शिस्त मागते. जुन्या साखळीच्या पिनांचे फुगवलेले माथे आधी घासून सपाट करावे लागतात. मगच चेन-ब्रेकरने पिन बाहेर ढकलावी, नाहीतर हत्यारच मोडते. नव्या साखळीच्या कड्या जुनीइतक्याच मोजून घ्याव्यात. आतली आणि बाहेरची कडी आलटूनपालटून येत असल्याने ही संख्या नेहमी सम असते. जोडकडीच्या दोन पिना ग्रीस लावून, रबरी कड्यांसह मागून घालायच्या आणि बाहेरची पट्टी हत्याराने दाबत न्यायची. किती दाबायची? शेजारच्या कडीची रुंदी व्हर्नियरने मोजावी आणि तितकीच. कमी दाबली तर सांधा ढिला; जास्त दाबली तर रबर चिरडते आणि कडी ताठरते. मग पिनांची टोके पसरवायची. 520 आणि 530 क्रमांकांच्या बऱ्याच साखळ्यांत पसरलेल्या माथ्याचा व्यास साडेपाच ते पावणेसहा मिलिमीटरच्या आसपास असतो. निर्मात्याने दिलेला आकडा अखेर प्रमाण. माथ्याला चीर दिसली तर ती कडी टाकून द्यायची आणि नवी घ्यायची. एकदा काढलेली रिव्हेटची कडी पुन्हा वापरायची नसते.

रिव्हेट म्हणजे घरच्या दुरुस्तीला कारखान्याने घातलेली बंदी, असे अनेकांना वाटते. या आक्षेपात तथ्यांश आहे: हत्यार महाग असते आणि चूक सुधारायची तर नवी कडी लागते. परंतु इतिहास पाहता मला त्याचा अर्थ वेगळा वाटतो. स्लेटरची साखळी आणि रेनोल्डची साखळी यांत फरक पडला तो अधिक बळकट पोलादाने नव्हे; भार नेमका कुठे येतो, हे कोणीतरी बारकाईने पाहिले म्हणून. तेच पाहणे शेवटच्या कडीपाशी घरच्या माणसाच्या वाट्याला येते. हातोडीने दोन ठोके देऊन ‘बसली’ म्हणणारा हात आणि व्हर्नियर लावणारा हात यांत कौशल्याचा फरक फारसा नसतो, उत्तरदायित्वाचा असतो. साखळीतील शंभरावर सांध्यांची हमी कारखाना देतो. एका सांध्याची हमी ज्याने तो केला त्यालाच द्यावी लागते, आणि धावत्या गाडीवर बसलेल्या माणसाला हे दोन प्रकारचे सांधे वेगळे ओळखता येत नाहीत.